कारणाचा रकाना

अर्जाचे सगळे रकाने नीट भरलेले होते. नाव त्रिशला अभिनंदन मगदूम. वय एकतीस. खेप दुसरी, आठवडा अडतिसावा. मागणी सिझेरियनची. शेवटी कारणाचा रकाना होता आणि त्यात तीनच शब्द होते. ‘मला हवंय म्हणून.’

“हे कारण होत नाही,” डॉ. वैजयंती शिरगावकर म्हणाल्या.

“मग काय होतं?” त्रिशलानं विचारलं.

“मागच्या पानावर चौदा कारणं छापली आहेत. बाळ आडवं आहे, वार खाली आहे, रक्तदाब वाढलाय. त्यातलं एक निवडायचं.”

“त्यातलं मला काहीच नाही.”

“तेच तर मी म्हणतेय.”

भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या रंगात आकडा लागला होता. सत्त्याण्णव. तो त्रिशलाचा आकडा होता आणि तिची पाठ त्याच्याकडे होती.

आमच्या उपजिल्हा रुग्णालयात दर मंगळवारी ही समिती बसायची. डॉक्टरीणबाई अध्यक्ष. रुबीना मुल्ला, वय सव्वीस, प्रसवपट्ट्याची तंत्रज्ञ. तिसरी मी, हौसाबाई माने, ‘अनुभवी स्त्री सदस्य’. याच इमारतीत मी एकतीस वर्षं प्रसूती वॉर्डात आया होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी सगळे अजून मावशीच म्हणतात. डॉक्टरीणबाई शिकाऊ म्हणून इथंच आल्या तेव्हा ओलं बाळ हातातून निसटू न देता कसं धरायचं, ते मी त्यांना दाखवलं होतं.

पट्ट्याबद्दल सांगायला हवं. तो रुंद, मऊ कापडाचा, पोटावर बांधायचा असतो आणि आतून चोवीस चकत्या असतात. गर्भपिशवीचा स्नायू आवळतो तेव्हा त्यातून अगदी बारीक वीज निघते, ती या चकत्या टिपतात. शिवाय आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडून बाळाचं डोकं केवढं आणि आईचं हाड केवढं हेही त्या मोजतात. पण एवढ्यानं आकडा निघत नाही. पट्ट्याला आधी लाखो बाळंतपणांचे जुने कागद वाचायला दिले होते. कोणत्या बाईचं पुढे काय झालं ते त्यात होतं. नवी बाई आली की पट्टा तिच्यासारख्या जुन्या बायका शोधतो आणि शंभरातल्या किती जणी आपोआप मोकळ्या झाल्या ते सांगतो. मध्यंतरी जिथंतिथं पोटं कापण्याचा सुळसुळाट झाला होता. तारीख साधायची म्हणून, सोय म्हणून. तो थांबावा म्हणून नियम आला, आकडा नव्वदच्या वर असेल तर समितीच्या परवानगीशिवाय सुरी लावायची नाही. तिघांतली दोन मतं हवीत.

“भीती वाटते का?” डॉक्टरीणबाईंनी आवाज मऊ केला. “आता कमरेत इंजेक्शन देतो आपण, दुखत नाही. नवरा शेजारी थांबू शकतो. ऑपरेशन म्हणजे टाके, रक्तस्राव, पुढच्या खेपेला धोका. हे माहीत आहे ना?”

“सगळं वाचलंय. सही करून देते.”

“तुमची पहिली तर इथंच झाली. सहा तासांत. बायका नवस करतात अशा बाळंतपणासाठी.”

त्रिशलानं मान वळवली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, टेबलावरच्या माझ्या हातांकडे.

“ह्या बाई समितीत आहेत हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली आणि पाण्याचा पेला तिनं माझ्यापासून लांब सरकवला.

मी हात टेबलाखाली घेतले. का घेतले ते मला कळलं नाही. ही बाई मला अजिबात आठवत नव्हती.

निर्णय शुक्रवारवर गेला. ऑपरेशन द्यायचं झालं तर पुढच्या सोमवारी, एकोणचाळिसावा आठवडा भरल्यावर.

सगळे गेल्यावर मी रुबीनाच्या खोलीत गेले.

“पोरी, हिच्या पहिल्या खेपेचा कागद दाखव की.”

“दाखवते. पण मावशी, तुम्ही अशा का दिसताय? गोळी घेतली नाही का?”

“तू कागद काढ.”

तिनं पडद्यावर कागद काढला. मी एकेक ओळ बोट लावून वाचली. आठ वर्षांपूर्वीचा. प्रसूती नैसर्गिक. लागलेला वेळ सहा तास दहा मिनिटं. मुलगी, दोन किलो नऊशे. जन्म संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटं. रुग्णाचं सहकार्य, नाही. ड्युटीवरील आया, ह. माने. खाली डॉक्टरची सही, ती कुणालाच वाचता आली नसती.

“ह. माने,” रुबीना हसली. “म्हणजे तुम्हीच सोडवलंत की हिला!”

सात बावन्न. माझं बोट त्या ओळीवरच राहिलं.

“मावशी, एक गंमत सांगू? आपल्या भागाचं एक कोडं आहे, मोठ्या शहरातल्या लोकांनाही सुटलेलं नाही.” तिनं दुसरं चित्र काढलं. चोवीस तासांची आडवी रेघ होती आणि त्यावर तीन डोंगर उभे होते. “कुठल्या वेळी किती बाळं जन्मली ते आहे हे. इथं बघा, सकाळी पावणेआठ. दुपारी पावणेदोन. संध्याकाळी पावणेआठ. पोरं अगदी रांग लावून येतात. पट्टा काय शिकलाय माहितेय? या भागातल्या बायकांची गर्भपिशवी त्या वेळेला जास्त जोर करते. तसं गृहीत धरून तो आकडा काढतो. हवेमुळं असेल, खाण्यामुळं असेल, मी त्यावर लेख लिहितेय.”

“लिहू नको,” मी म्हणाले.

“का?”

“आठाला, दोनाला आणि आठाला आमची पाळी बदलायची.”

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

मग मला सांगावं लागलं. पुढच्या पाळीवर बाई अर्ध्या कळांत टाकून गेलं की ती पाळी आमच्या नावानं खडे फोडायची. रजिस्टर बंद करून, फरशी धुऊन जायचं, अशी रीत. म्हणून पाळी संपायला अर्धा तास उरला की आम्ही कामाला लागायचो. बाईच्या मांडीवर दोन थापटा द्यायच्या. ‘तेव्हा ओरडली नाहीस, आता कशाला बोंबलतीस’ म्हणायचं. तरी नाही झालं तर स्टुलावर चढून पोटावर कोपर रोवायचं आणि अंगाचा भार द्यायचा. मला थोरल्या आयानं शिकवलं, मी धाकट्यांना शिकवलं. बाळ बाहेर यायचं. आईबाप पाया पडायचे. आम्हाला ते कसबच वाटायचं.

“आणि हे कुठं लिहायचे?” रुबीनाचा आवाज बारीक झाला होता.

“कुठं लिहिणार? बाळ खालून आलं की नैसर्गिक. तेवढंच.”

“मग हे सत्त्याण्णव म्हणजे...”

“ते तुझं यंत्र. मला काय इचारतीस?”

“यंत्र काय करणार? जे लिहून ठेवलंय तेच ते शिकलं. तुम्ही लोकांनी काय लिहून ठेवलंय!”

“मी न्हाई लिहिलं गं. मला तेव्हा कुठं लिहिता येत होतं.”

हे बोलले खरी, पण त्यात काही दम नव्हता. कोपर तर माझंच होतं.

समितीच्या सदस्यानं अर्जदाराच्या घरी जायचं नसतं. बुधवारी सकाळी मी गेले.

मगदुमांचं घर सूतगिरणीच्या मागच्या वसाहतीत होतं. त्रिशला गिरणीतच धाग्याची प्रत तपासायच्या खात्यात होती. दार तिच्या सासूनं, सुनंदाकाकूंनी उघडलं, आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

“अगंबाई! मावशी तुम्ही? अभी, बघ कोण आलंय! अरे ह्यांनीच सोडवली हिला. मी ओटी भरली होती ह्यांची, जरीकाठी खण दिला होता. बसा, बसा. भडंग आणते.”

अभिनंदन बाहेर आला, उंच, चष्मा लावलेला, कामावर निघालेला. “मावशी, बरं झालं आलात. तुम्हीच समजवा हिला. सगळं चांगलं असताना पोट कापून घ्यायचं म्हणतीय. आई दोन दिवस जेवली नाही.”

“जेवले की मी,” काकू आतून म्हणाल्या. “भात जेवले.”

त्रिशला दारात येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर. तिची आठ वर्षांची मुलगी शाळेत गेली होती, तिची लाल चप्पल दाराशी उलटी पडली होती.

“कशाला आलाय?”

“तुला इचारायला. त्या दिवशी मी काय केलं?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मला तू आठवत नाहीस बाई. खोटं कशाला बोलू. हजारभर झाल्या असतील.”

अभिनंदन एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. काकू भडंगाची ताटली घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

“मग ऐका,” त्रिशला म्हणाली. ती बसली नाही. “मी पाणी मागितलं. तुम्ही म्हणालात, हॉटेल आहे का. मी पाय मिटले, तर तुम्ही थापट मारलीत, इथं, आतल्या बाजूला. पाच बोटं उठली होती. आईनं काही शिकवलं नाही का म्हणालात. माझी आई वारून तेव्हा चार महिने झाले होते. मग स्टुलावर चढलात. माझा श्वास बंद झाला. मी मेले असं वाटलं. खरंच वाटलं, बोलायचं म्हणून नाही सांगत. आणि पुढच्या दहा मिनिटांत तुम्हीच मला बशीनं चहा पाजलात, तोंड पुसलंत आणि म्हणालात, गुणाची पोर गं, पेढे पाठव. मी पाठवले.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस,” अभिनंदन म्हणाला.

“तू पेढे आणायला गेला होतास.”

“सगळ्यांनाच बसतात गं दोन थापटा,” काकू हळूच म्हणाल्या. “मलाही बसल्या होत्या. बाळंतपण म्हणजे...” ताटली त्यांनी खाली ठेवली, माझ्यापुढे नाही, तिथंच उंबऱ्यात.

मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण तिच्या अंगाला हात लावायचा माझा हक्क राहिला नव्हता, म्हणून हात मांडीखाली घालून बसले.

“आता वॉर्ड तसा न्हाई,” मी म्हणाले.

“मी जाऊन बघून आले. भिंतींना रंग दिलाय, सिस्टर गोड बोलतात. पण त्या दारापाशी गेले की माझ्या मांड्या आवळतात. मी सांगून ऐकत नाहीत. तो तुमचा पट्टा बांधला तेव्हाही आवळल्या. त्यानं त्याचाही काहीतरी आकडा काढला असेल. ऑपरेशनच्या खोलीत तरी मला पाय फाकून कुणासमोर पडावं लागणार नाही. बास. एवढंच आहे.”

मी रात्रभर मनात जुळवून आणलेलं बोलले. “मग माझं ऐक. मी शुक्रवारी सांगते, मागच्या खेपेला डोकं अडकलं होतं म्हणून दाबावं लागलं. हे कागदात घातलं की तुझा आकडा नव्वदच्या खाली येतोय, रुबीनानं सांगितलंय मला. मग समितीचा प्रश्नच न्हाई. सोमवारी ऑपरेशन.”

अभिनंदनचा चेहरा उजळला. “मग झालंच की!”

“अडकलं होतं का?” त्रिशलानं मला विचारलं.

मागे गिरणीचा भोंगा वाजत होता.

“न्हाई,” मी म्हणाले. “आठ वाजत आले होते.”

ती हसली. तसं हसू मला पुन्हा दिसू नये. “म्हणजे कागदावर काय येणार? हिचं शरीर कच्चं होतं आणि मावशीनं हिला वाचवलं. पुन्हा तुम्हीच बरोबर.” ती खुर्चीला धरून सावकाश बसली. “ऑपरेशन मला हवंय. फार हवंय. झोप लागत नाही मला. पण माझ्या अंगाबद्दल खोटं लिहून नको. जा तुम्ही.”

शुक्रवारपर्यंत मला घरात एका जागी बसवेना. नियमांची पुस्तिका मी दोनदा वाचली. जो सदस्य स्वतः प्रकरणात गुंतलेला असेल त्याचं मत धरलं जात नाही, उरलेल्यांचं एकमत लागतं. खोटं बोलले असते तर आकडाच खाली आला असता आणि मला कुणी बोट लावलं नसतं. गप्प बसले असते तर माझं मत शाबूत होतं. खरं बोलले तर मत जात होतं, आणि उरलेल्या दोघींत डॉक्टरीणबाई पक्क्या नाही म्हणणार होत्या. म्हणजे माझ्या खरेपणाची किंमत पुन्हा त्रिशलानंच मोजायची. दोन दिवस हेच डोक्यात फिरत होतं. तांदूळ निवडताना खडे राहिले, भात तसाच खाल्ला.

शुक्रवारी त्रिशला एकटी आत आली. अभिनंदन आणि काकू बाहेर बाकावर होते. पडद्यावर सत्त्याण्णव होतंच.

“मला बोलायचंय,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. पाणी, थापट, स्टूल, आठ वाजता बदलणारी पाळी. डोकं अडकलं नव्हतं हेही सांगितलं. बोलताना माझी मान वर होईना, म्हणून टेबलालाच सांगितलं.

“मावशी, बास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे नोंदवलं तर तुमची चौकशी लागेल. कळतंय का?”

“नोंदवा.”

रुबीनानं यंत्रात भरलं. ‘पोटावर दाब, वैद्यकीय गरज नसताना.’ यंत्र क्षणभर फिरलं. आकडा हलला नाही.

“त्याला याचा रकानाच नाही,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “त्रिशला, मला वाईट वाटतंय. मनापासून. पण तेव्हाची परिस्थिती तुम्हाला माहीत नाही. एका शिकाऊ डॉक्टरवर चाळीस बायका होत्या. दोन-दोन दिवस अंथरुणाला पाठ लागत नव्हती. आयांनी हात लावला नसता तर निम्म्या बायका व्हरांड्यात बाळंत झाल्या असत्या. आम्ही बघत होतो, थांबवू शकत नव्हतो. म्हणून आज पोट कापणं हा त्यावरचा उपाय होत नाही.”

“‘आम्ही’ म्हणजे कोण?” त्रिशलानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा लावला.

रुबीनानं त्या जुन्या कागदावरच्या सहीखालचा नोंदणी क्रमांक मोठा केला. तो तिनं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या शिक्क्याशी ताडून पाहिला. मग म्हणाली, “मॅडम, हा क्रमांक तुमचा आहे.”

‘रुग्णाचं सहकार्य, नाही.’ ते अक्षर डॉक्टरीणबाईंनी ओळखलं असावं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्रिशलाकडे, आणि मला वाटलं आता त्या काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढली.

“मग माझंही मत धरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “नियम तोच आहे. रुबीना, तू एकटी उरलीस.”

“मी?” रुबीना घाबरली. “मॅडम, मी डॉक्टर नाही. मला फक्त आकडा कळतो.”

“आकड्याचं काय झालंय ते तू बघितलंस.”

रुबीनानं अर्ज पडद्यावर घेतला. मंजुरीसाठी यंत्र कारण मागत होतं. चौदा छापील कारणं एकाखाली एक होती. तिनं सगळी खालपर्यंत वाचली, पुन्हा वर आली. “ताई, कुठलं तरी एक टाकू का? काम होऊन जाईल. कुणी तपासत नाही.”

“माझं लिहिलंय,” त्रिशला म्हणाली.

रुबीनानं तिचे तीन शब्द टाइप केले. यंत्रानं घेतले नाहीत. पुन्हा केले. पुन्हा लाल पट्टी आली. मग ती उठली, प्रिंटरमधून कोरा कागद ओढला आणि उभ्यानंच हातानं लिहायला लागली. तिला हातानं लिहायची सवय नव्हती, ओळ उतरती गेली. अर्जदाराला संपूर्ण माहिती आहे. अर्जदाराची मागणी आहे. मागणी हेच कारण. मंजूर. खाली सही केली आणि कागद डॉक्टरीणबाईंच्या पुढे सरकवला.

“हे वर टिकेल का मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“सोमवारी सुरी माझ्या हातात आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लगेच त्यांनी त्रिशलाला विचारलं, “की दुसरं कुणी हवंय?”

“दुसरं कुणी,” त्रिशला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या डॉक्टरचं नाव लिहिलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दुसरी मुलगी झाली. रुबीनानं फोनवर सांगितलं. मावशींनी वॉर्डात यायचं नाही, असा निरोप होता. मी गेले नाही. माझं समितीवरचं नाव निघालं, चौकशीची नोटीस आली, तिला मी उत्तर लिहिलं, आपल्या हातानं.

त्यानंतर रुबीना एक गठ्ठा घेऊन घरी आली. ज्या कागदांवर ‘ह. माने’ होतं आणि जन्म पाळी बदलायच्या आधीच्या अर्ध्या तासातला होता, ते सगळे तिनं वेगळे काढले होते. दोनशे चौऱ्याऐंशी.

“यंत्राला नव्यानं शिकवायचं तर हे दुरुस्त करावे लागतील,” ती म्हणाली. “तुम्हाला आठवेल तसं सांगा.”

“मला कुणीच आठवत न्हाई, पोरी. आठवत असेल ते त्यांनाच.”

म्हणून मी जाते. रोज दोन घरं, जमलं तर तीन. काहीजणी गाव सोडून गेल्या. एकीनं ‘असं काही झालंच नाही’ म्हणून चहा पाजला, आणि मी निघताना जिन्यात मागे येऊन सगळं सांगितलं. एकीच्या नवऱ्यानं हाकलून दिलं. आज तेविसावं घर. दारावर नाव वाचलं, कागदाशी ताडून पाहिलं, कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईच्या हाताला पीठ लागलेलं होतं. मला बघून तिनं मागं होत दोन्ही हात पोटावर धरले.